जुने रेडिओ दुरुस्तीसाठी घरातच एक टेबल मांडायचंय: काय घ्यावं, काय नको?

सदाफुली | रवि, २१:४०

कराडचं घर दिवाळीनंतर रिकामं केलं. भांडी वाटली गेली, पलंग कुणाला नको होते, आणि माळ्यावरचे तीन रेडिओ "भंगारवाल्याला देऊ का?" या प्रश्नासकट माझ्या वाट्याला आले. मी "नको" म्हटलं, ते आता निस्तरायचं आहे.

तीन नग असे:

पहिला मोठा, लाकडी, मर्फीचा. वर काचेची पट्टी, मधोमध, स्टेशन नीट लागलं की मिटणारा हिरवा डोळा. आजोबा संध्याकाळी हा डोळा मिटेपर्यंत बटण फिरवत बसायचे, एवढं मला आठवतं. मागच्या पुठ्ठ्याला दोऱ्याने लायसनचं पुस्तक बांधलेलं आहे, आत पोस्टाचे शिक्के. रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागायचा हे माझ्या मुलाला अजून पटलेलं नाही.

दुसरा छोटा, तपकिरी बेकलाइटचा. पाठीवर एसी/डीसी असं लिहिलंय.

तिसरा ट्रान्झिस्टर, चामडी कव्हरातला. सेल आतच राहिले होते, त्यामुळे खालचा भाग हिरवा-पांढरा झालाय.

मी कॉम्प्युटरवाली. कॉलेजात सोल्डरिंग केलंय, घरी एक डिजिटल मल्टिमीटर आहे. जागा म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटची बंदिस्त केलेली गॅलरी, सात फूट बाय साडेतीन. बजेट पंधरा हजार. मुलगा नऊ वर्षांचा, त्याचे हात सगळीकडे पोचतात. नवरा म्हणतो, एवढ्या पैशात तीन नवीन येतील. खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न असा की सुरुवात कशाने करू? ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतोच का? अजून एकही सेट प्लगला लावलेला नाही.

---

खरखर | रवि, २१:५२

लावूही नका. बाकीचं सकाळी लिहितो.

---

चिंचपोकळी_स्लो | रवि, २२:१५

धागा आवडला, वाचनखूण साठवली. माझं मत: एकदाच नीट खर्च करा. दोन चॅनेलचा छोटा डिजिटल ऑसिलोस्कोप, एक सिग्नल जनरेटर, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन, आणि डिमरस्टॅट. जुना सेट एकदम २३० वर टाकायचा नाही. डिमरस्टॅटवर ५० व्होल्टपासून हळूहळू चढवत न्यायचा. लॅमिंग्टन रोडला सगळं एका फेरीत मिळतं. ग्रँट रोडला उतरा आणि चालत जा.

---

मिरज_मीटरगेज | सोम, ०६:१०

ताई, नमस्कार. मी १९७४ पासून तीस वर्षं रेडिओचं दुकान चालवलं. ऑसिलोस्कोप फक्त लांबून पाहिला. दुकानात होतं ते सांगतो: एक टेबल, एक सिरीज बोर्ड, काट्याचा मीटर, दोन इस्त्र्या (आम्ही सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणायचो), आणि एक चालू रेडिओ. चालू रेडिओ हे सगळ्यात मोठं हत्यार, का ते नंतर सांगतो.

आधी टेबल. लाकडी घ्या. लोखंडी टेबल स्वस्त मिळालं तरी नको. उंची अशी की उभ्याने काम करताना पाठ वाकू नये. बसून काम केलं की माणूस सेटच्या अंगावर झुकतो आणि डावा हात नकळत चेसिसवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) टेकतो. दुकानात पायाखाली लाकडी फळी होती, वर जुना रबरी पट्टा. तुम्ही रबरी मॅट घ्या. आणि टेबलाच्या मागच्या भिंतीत प्लग नको. तिथला प्लग काढायला जळत्या सेटवरून हात न्यावा लागतो. मेन स्विच टेबलाच्या पुढच्या कडेला, मांडीजवळ, गुडघ्याने बंद करता येईल असा. तो कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, मुलालासुद्धा.

सिरीज बोर्ड कुठलाही वायरमन अर्ध्या तासात करून देतो. एक होल्डर, एक सॉकेट, दोन्ही एकामागे एक. होल्डरमध्ये पिवळा, तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. आता पिवळे बल्ब शोधावे लागतात, तेव्हा ४०, ६० आणि १०० चे मिळतील तेवढे घेऊन ठेवा. सेट सॉकेटमध्ये लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. फक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पण शॉर्ट असला तरी ६० च्या बल्बातून साधारण पाव अँपिअरच्या वर करंट जात राहू शकत नाही, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचतो. पन्नास-शंभर रुपयांच्या या वस्तूने माझे किती ट्रान्सफॉर्मर वाचवले त्याची मोजदाद नाही.

बाकी दूध घेऊन आल्यावर.

---

सदाफुली | सोम, ०९:०५

काका, मनापासून आभार. आता एक कबुली. "एकही लावलेला नाही" हे खोटं होतं. बेकलाइटचा छोटा शनिवारी लावला होता. पाच मिनिटांनी आतून खरखर आली, मी आनंदाने आवाजाचं बटण फिरवायला गेले आणि असा झटका बसला की हाताला कोपरापर्यंत मुंग्या आल्या. बटण तर प्लॅस्टिकचं आहे! झटका बसला कुठून?

---

खरखर | सोम, ०९:३०

बटणाच्या बाजूला बारीक भोक आहे का बघा (प्लग काढून). आत स्क्रू असतो, तो बटण दांड्यावर घट्ट धरतो. दांडा चेसिसचा, आणि तुमच्या सेटची चेसिस थेट मेनच्या एका तारेला जोडलेली आहे. कारखान्यातून निघताना त्या भोकात मेण भरलेलं असतं. पन्नास-साठ वर्षांत ते गळून गेलं. तुमचं बोट नेमकं त्या स्क्रूवर पडलं.

एसी/डीसी सेटांची गंमत ही की त्यांत पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतोच. जिथे डीसी पुरवठा होता तिथेही ते चालावेत म्हणून सगळ्या व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागे एक, माळेसारखे जोडलेले असतात. यूसीएच८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ८९ ला १९, यूसीएल८२ ला ५०, यूवाय८५ ला ३८. बेरीज १२६, उरलेलं व्होल्टेज एक मोठा रजिस्टन्स खातो, म्हणून सेट तापतो. 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले की समजायचं, चेसिसला करंट असू शकतो. प्लग एका बाजूने घातला तर चेसिस न्यूट्रलवर, उलटा घातला तर फेजवर. शनिवारी तुमचा उलटा होता.

घरबसल्या चाचणी: प्लग काढलेला, सेटचा स्विच चालू. मीटर ओहमवर ठेवून प्लगची एकेक पिन आणि चेसिस यांच्यात मोजा. एखादी पिन जवळजवळ शून्य दाखवत असेल तर तो गरम चेसिसचा सेट. दोन्ही पिना काहीच दाखवत नसतील तर ट्रान्सफॉर्मरवाला. मर्फीचा दुसऱ्या प्रकारचा निघेल असं वाटतं, पण मोजल्याशिवाय माझ्यावरही विश्वास ठेवू नका.

---

चिंचपोकळी_स्लो | सोम, १०:१०

म्हणूनच डिमरस्टॅट सांगत होतो. ३०-४० व्होल्टवर चालवून बघितला असता तर झटका बसलाच नसता.

---

गावठी_ओहम | सोम, १०:४५

नाही हो, इथे माणूस मरतो. डिमरस्टॅट म्हणजे एकच वेटोळं. इनपुटची एक तार सरळ आउटपुटला जाते. ती तार फेज असेल तर काटा शून्यावर ठेवा नाहीतर शंभरावर, चेसिस जमिनीच्या हिशेबाने २३० वरच असते. डायलवर ४० दिसतं म्हणून लोक बिनधास्त हात घालतात, त्यामुळे तो मला जास्तच धोक्याचा वाटतो.

हवा तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. २३० आत, २३० बाहेर, दोन वेगवेगळी वेटोळी, एकमेकांशी तारेचा संबंध नाही. २०० व्हीए पुरे. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याकडून करून घेतला तर तुमच्या बजेटात आरामात बसतो. आउटपुटची कुठलीही तार अर्थिंगला जोडू नका. जोडली की सगळा उपयोग गेला. टेबलाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की आपोआप पडणारा स्विच) असू द्या, पण नीट समजून घ्या: ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तिथे दोन्ही तारांना एकदम हात लागला तर तो पडणार नाही. म्हणून एक हात खिशात, ही जुनी पद्धत.

---

चिंचपोकळी_स्लो | सोम, ११:०२

हे माहीत नव्हतं. दहा वर्षं डिमरस्टॅट वापरतोय. आज संध्याकाळी माझ्याच टेबलावर वायरिंग बघतो. स्कोपवर मात्र ठाम आहे.

---

मिरज_मीटरगेज | सोम, ११:३०

स्कोप वाईट नाही. पण पहिल्या तीन रेडिओंना लागत नाही. ते पैसे कंडेन्सरवर (वीज साठवून धरणाऱ्या सुट्या भागांवर) घाला.

आता मर्फीकडे वळू. आत ईसीएच८१, ईएफ८९ किंवा ईबीएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८० अशी व्हॉल्व्हची पलटण असेल. मॉडेलप्रमाणे एखादा शिपाई बदलतो. मागचा पुठ्ठा काढलात की आधी फक्त बघा. वायरवरचं रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटत असेल तर मेन कॉर्ड पहिली बदला. उंदरांनी घर केलं असेल तर त्यांच्या मुतण्याने तारा खाल्लेल्या असतात. मग ब्रशने झाडा, फुंकू नका, धूळ तोंडात येते. व्हॉल्व्ह पुसताना ओलं फडकं नको, वरचा नंबर पुसला जातो. व्होल्टेजची पट्टी २००-२२०-२४० अशी असेल तर ती २४० वर करा.

मग उलटा करा आणि मेणाचे, कागदी कंडेन्सर शोधा. जाड खडूसारखे दिसतात, टोकाला मेण गळालेलं. ते सगळेच आता झिरपतात, म्हणजे आतून करंट गळू देतात. पण त्यांत एक असा आहे की तो बदलल्याशिवाय सेटला करंट द्यायचाच नाही: ईएल८४ च्या ग्रिडला (आतल्या जाळीला), म्हणजे २ नंबरच्या पिनेला आधीच्या व्हॉल्व्हकडून येणारा. साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा असतो. तो झिरपला की ग्रिडवर प्लस व्होल्टेज जातं, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, आतली पत्रा-नळी लालबुंद होते, आणि मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. कंडेन्सर दहा रुपयांचा, आणि तो ट्रान्सफॉर्मर आता मिळणं मुश्कील. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घाला. बदलूनही पिन २ वर एखादा व्होल्ट प्लस दिसत असेल तर व्हॉल्व्हमध्येच गॅस आहे, तो दुसरा बघावा लागेल.

मोठे फिल्टर कंडेन्सर, ते ॲल्युमिनियमचे डबे, बदला. ४७ मायक्रो ४५० व्होल्ट घाला. "मोठा घातला की हम (घूं असा आवाज) जातो" म्हणून कुणी १०० किंवा २२० सुचवेल, ऐकू नका. ईझेड८० ला (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) पहिला कंडेन्सर ५० मायक्रोच्या वर झेपत नाही. जुना डबा चेसिसवर तसाच राहू द्या, फक्त तारा सोडवा आणि नवे खाली लपवा. रेडिओ उघडला तर तो रेडिओसारखा दिसला पाहिजे.

---

खरखर | सोम, १२:१५

काकांशी एका बाबतीत वाद. सगळे कंडेन्सर एका दमात बदलू नका. एक बदला, जोडणी बघा, फोटो काढा, मग दुसरा. मी पहिल्यांदा एका रात्रीत चौदा बदलले. सेट मुका झाला आणि चौदांपैकी चूक कुठे हे शोधायला तीन आठवडे गेले. (चूक: दोन टोकं शेजारच्या टॅगवर, म्हणजे सांध्याच्या चुकीच्या पत्री टोकावर.)

---

मिरज_मीटरगेज | सोम, १२:४०

बरोबर आहे. आम्ही तीस वर्षं तेच केलं, हात बसला म्हणून विसरलो.

---

अंबाडी | सोम, १३:२०

एक दुःखद सूचना. डायलची काच पुसू नका. मी निळ्या पाण्याचा फवारा मारून फडक्याने छान पुसली. अक्षरं काचेच्या आतल्या बाजूला रंगाने छापलेली असतात, हे मला दिल्ली, लखनौ आणि सिलोन फडक्यावर आल्यावर कळलं. आईने आयुष्यभर सिलोन लावलं होतं. आता तिथे कोरी काच आहे. बाहेरची बाजू कोरड्या मऊ कापडाने, आतली बाजू फक्त मऊ ब्रशने, तीही हात थरथरत नसेल तर.

---

सदाफुली | सोम, २१:१०

अंबाडी, वाचून पोटात गोळा आला. मी काल ओलं फडकं घेऊन उभी होते, फोन वाजला म्हणून वाचली काच.

आजची प्रगती: मोजलं. मर्फी दोन्ही पिना मोकळ्या, बेकलाइटवाला एका पिनेवर जवळपास शून्य. त्याच्यावर मुलाने लाल स्केचपेनने "हात लाऊ नये" असं लिहून चिकटवलंय. शुद्धलेखन सुधारू दिलं नाही.

सोल्डरिंगबद्दल विचारायचं होतं. घरी डबीतली पेस्ट आहे, ती चालेल?

---

गावठी_ओहम | सोम, २१:३५

ती पेस्ट पत्र्याच्या कामाची, ॲसिडची असेल तर वर्षभरात सांधे हिरवे पडतील. रेडिओला राळ. ६०/४० चं, आत राळ भरलेलं सोल्डर घ्या, ते साधारण १९० अंशांच्या आत वितळतं. एक २५ वॉटचं आयर्न टॅगसाठी आणि एक ६० च्या आसपासचं चेसिसवरच्या सांध्यासाठी. २५ ने चेसिसचा सांधा करायला गेलात तर पत्रा उष्णता पिऊन टाकतो आणि खाली कच्चा डाख राहतो, दिसायला पक्का. शोषून घ्यायचा पंप आणि तांब्याची जाळीपट्टी दोन्ही ठेवा.

त्यात शिसं असतं. त्या टेबलावर चहासुद्धा नको, हात धुवूनच स्वयंपाकघरात. गॅलरीत छोटा एक्झॉस्ट बसवता आला तर उत्तम. राळेचा धूर वासाला देवळातल्यासारखा गोड असतो, पण छातीला चांगला नाही.

आणि घरात बनवायची एक वस्तू: २.२ किलोओहमचा १० वॉटचा वायरवाउंड रजिस्टन्स, दोन्ही टोकांना इन्सुलेशनची वायर आणि मगरमिठी क्लिप. सेट बंद केल्यावर मोठ्या कंडेन्सरला पाच सेकंद लावायचा, मग मीटरने मोजून शून्याची खात्री करायची. २५० व्होल्ट साठवून ते डबे शांत बसलेले असतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे मित्र पाहिलेत, त्यांच्या टोकं वितळलेल्या स्क्रूड्रायव्हरांसकट.

---

चिंचपोकळी_स्लो | मंगळ, ०८:५०

माझं वायरिंग बघितलं. फेज आणि न्यूट्रल उलटे होते. दहा वर्षं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर दिली. गावठी_ओहम, भेटलात तर वडापाव माझ्याकडून.

सदाफुली, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कंडेन्सर मिळतील. जुने सुटे भाग, बटणं, काचा यांसाठी जुना बाजार, रविवारी किंवा बुधवारी. तिथे "जुना पण न वापरलेला" इलेक्ट्रोलिटिक देतील, तो नको. न वापरता पडून राहूनच तो मरतो.

---

सदाफुली | मंगळ, २२:००

आणि ट्रान्झिस्टरचं काय? तो सर्वांत सोपा असेल असं समजून त्यापासून सुरुवात करायची होती. चार सेल, झटक्याची भीती नाही, मुलगाही शेजारी बसू शकतो.

---

मिरज_मीटरगेज | बुध, ०६:२५

सुरुवातीला तोच घ्या. सोपा मात्र नाही, एवढं ध्यानात ठेवा.

गळालेला भाग आधी. साधे जुने सेल आंबट गळतात, त्यांना खायच्या सोड्याचं पाणी, दातांच्या ब्रशने. अल्कलाइन गळले असतील तर उलटं, लिंबू किंवा व्हिनेगर. मग स्वच्छ पाण्याचा बोळा आणि दिवसभर ऊन. पितळी पट्ट्या कानसने घासू नका, पेन्सिलीचं रबर पुरतं.

आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतील, एसी१२८, एसी१२७ असे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप बऱ्याच जणांवर दिसेल. हे उष्णतेला भितात. पायाला पक्कड धरून मगच आयर्न लावा, म्हणजे उष्णता पक्कड घेते. आणि अशा पुष्कळ सेटांत प्लस बाजू जमिनीला असते, मीटरची काळी वायर सवयीने चेसिसवर लावाल तर सगळी मापं उलटी दिसतील. घाबरू नका.

सेट मुका आणि सगळं बरोबर दिसतंय? मग पुढचे एएफ११४ ते ११७ हे चारपायी ट्रान्झिस्टर बघा. त्यांच्या डब्यात आतून कथलाचे केस उगवतात, डोळ्याला न दिसणारे, आणि ते पायाला टेकून शॉर्ट करतात. चौथा पाय, म्हणजे डब्याचा, कापून टाकला की बऱ्याचदा सेट बोलायला लागतो. हे मला दुकानात बारा-पंधरा वर्षं झाल्यावर समजलं. तोवर टिचकी मारून चालू करायचो आणि गिऱ्हाईक गेलं की परत बंद पडायचे.

आता चालू रेडिओचं सांगतो म्हटलं होतं. सेटमध्ये ऑसिलेटर नावाचा एक भाग असतो, तो स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर वाजत असतो. सेट मुका असेल तर तो चालू आहे की मेला हे कळायला लोक स्कोप लावतात. आम्ही काय करायचो? शेजारी चालू रेडिओ ठेवायचा, त्यावर आमचं आकाशवाणी सांगली, १२५१ किलोहर्ट्झ. मग मुका सेट ८०० च्या आसपास हळूहळू फिरवायचा. ७९६ जवळ आला की त्याचा ऑसिलेटर बरोबर १२५१ वर पोचतो आणि सांगलीच्या बातम्यांतून शीळ ऐकू येते. शीळ वर चढते, खाली उतरते, मधे थांबते. शीळ आली म्हणजे अर्धा सेट जिवंत. अजिबात आली नाही तर दोष पुढच्या पहिल्या व्हॉल्व्हजवळ किंवा ट्रान्झिस्टरजवळ. काटा ७९६ ला नाही, ८३० ला असताना शीळ आली तर डायलची दोरी घसरली आहे किंवा कुणीतरी आधी स्क्रू फिरवलेत. पुण्यात ७९२ (पुणे केंद्र) धरून करायचं असेल तर मुका सेट ५३० च्याही खाली न्यावा लागेल, तिथे डायल संपते. तुम्ही दुसऱ्या रेडिओवर वरच्या बाजूचं एखादं स्टेशन रात्री शोधा. ४५५ वजा करा, तिथे शीळ.

आणि आयएफच्या (त्याच ४५५ वर लावलेल्या भागाच्या) चौकोनी डब्यांतले स्क्रू फिरवायचे नाहीत. पहिले सहा महिने तर नाहीच. फिरवायची वेळ आलीच तर लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको, आतली कोअर तडकते. विणकामाची प्लॅस्टिकची सुई टोकाला घासून चपटी करा.

---

अंबाडी | बुध, ०९:१५

शिळेचा परिच्छेद तीनदा वाचला. वडील असंच काहीतरी करायचे, आम्हाला वाटायचं दोन रेडिओ भांडतायत.

---

खरखर | बुध, १०:००

+१. काका, याचा वेगळा लेख करा.

---

मिरज_मीटरगेज | बुध, १८:३०

टाइप करायला एक बोट आहे. इथेच वाचा.

---

सदाफुली | पाच आठवड्यांनी, शनि, २२:५०

धागा वर काढतेय.

टेबल झालं. घराच्याच जुन्या दाराची फळी, चार पाय नवीन. पुढच्या कडेला मेन स्विच. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, सिरीज बोर्ड, दोन आयर्न, क्लिपवाला रजिस्टन्स. काट्याचा मीटर जुन्या बाजारात मिळाला, नाशिकच्या मोटवानेचा, सुई अजून सरळ उठते. कंडेन्सर चांगला असेल तर काटा उडी मारून परत येतो, झिरपत असेल तर मधेच लोंबकळतो. डिजिटलवर हे दिसतच नाही, म्हणून आता तोच जास्त वापरते. ऑसिलोस्कोप घेतला नाही. तीन हजार उरले.

ट्रान्झिस्टर आधी घेतला. सोड्याचं पाणी, ऊन, दोन कंडेन्सर, तरी मुका. शेवटी डब्याचा पाय कापला, एएफ११५ चा. आवाज आला तेव्हा मी पोळ्या करत होते, मुलगा ओरडत आला की आई, कोणीतरी बोलतंय.

मर्फी मागच्या रविवारी लावला. ६० चा बल्ब फक्कन पेटला, माझं काळीज बंद, आणि मग तो हळूहळू मंद होत गेला. पंधरा-वीस सेकंदांनी हम आणि खर्र. पण स्टेशन कुठे नाहीच, डायलभर नुसती खरखर. दोन दिवस आयएफच्या डब्यांकडे वाईट नजरेने बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेले. सोसायटीच्या जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि जिना असतो, घरात सगळं बंद. ट्रान्झिस्टर सेलवर लावला तर आवाज काचेसारखा स्वच्छ! म्हणजे खरखर घरातलीच. लाइट आल्यावर एकेक बटण बंद करत गेले. गॅलरीत टेबलावर लावलेला नवाकोरा एलईडी दिवा. कामाला चांगला उजेड हवा म्हणून मीच आणलेला.

आता तिथे पिवळा बल्ब आहे. ७९२ लागलं.

---

गावठी_ओहम | शनि, २३:०५

वा! पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि फोनचे चार्जरही तपासा. आणि एरिअल काय लावलंय?

---

सदाफुली | शनि, २३:१२

सध्या पाच मीटर वायर, कपडे वाळत घालायच्या दोरीला समांतर. कराडला ती तांब्याची जाळीची पट्टी होती, छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती घर रिकामं करताना "ही कसली जाळी" म्हणून मीच फेकली. राहू दे, तो विषय नको.

उरलेल्या अडचणी दोन. हिरवा डोळा लागतो, पण इतका फिका की रात्री खोली अंधारी केल्यावरच दिसतो. आणि काटा मधेच अडकतो, दोरी सैल झाली आहे. मर्फीच्या मागे "पी.यू." अशी दोन भोकं आहेत, तिथे फोन जोडता येईल का, असं नवरा विचारतोय. (त्याला आता इंटरेस्ट आलाय.)

---

खरखर | शनि, २३:३०

पी.यू. म्हणजे ग्रामोफोनच्या पिक-अपसाठी. मर्फी ट्रान्सफॉर्मरवाला आहे, चेसिस मेनपासून वेगळी, त्यामुळे चालेल. फोनचे दोन्ही चॅनेल (डावा आणि उजवा) एकेका ४.७ किलोओहमच्या रजिस्टन्समधून एकत्र करा आणि मग द्या. त्याआधी एक काम: मेनच्या तारेपासून चेसिसला जाणारा एखादा छोटा जुना कंडेन्सर असेल तर तो काढा, नाहीतर वाय२ क्लासचा (मेनला जोडायला सुरक्षित असा) घाला. बेकलाइटवाल्याला मात्र फोन कधीच नाही. तिथे फोनच्या वायरीतून मेन थेट हातात येईल. मुलाची चिठ्ठी काढू नका.

---

मिरज_मीटरगेज | रवि, ०६:०५

डोळ्याची हिरवी पूड जळलेली असते, ती परत येत नाही. नवा डोळा शोधून घालता येईल, पण आजोबांनी जो मिटवला तो हाच ना? मग रात्रीच बघत जा.

दोरीसाठी नायलॉन वापरू नका, ती ताणते. माझ्याकडे मेण लावलेलं जुनं डायलचं सूत एक रीळ शिल्लक आहे. कपाटात पडून आहे. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, पोस्टाने दोन मीटर पाठवतो. दोरी काढायच्या आधी पुलीभोवती ती कशी फिरते त्याचं चित्र काढून ठेवा. फोटोत मागची बाजू दिसत नाही.

---

सदाफुली | रवि, ०८:४०

काका, व्यनि केलाय. चित्र मुलाने काढलं, पुलीला चेहरा आहे, पण फेरे बरोबर आहेत. अडीच. बरोबर ना?

---

मिरज_मीटरगेज | रवि, ०८:५५

अडीचच. स्प्रिंग हरवू नका.